दुसरा जाळ

माझ्या आईच्या उजव्या गालावर काळपट पट्टा होता, कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत. लग्नाकार्यात एखादी बाई तिच्याकडं बघून चुकचुकायची आणि मला बाजूला ओढून विचारायची, "बिचारीला काय झालं गं?" माझं डोकंच फिरायचं. बिचारी म्हणे! "तिलाच विचारा की," मी म्हणायची. विचारायची हिंमत कुणाची व्हायची नाही. झाली असती तर आईनं त्या बाईला तिथंच बसवून पंगत उठेपर्यंत सगळं ऐकवलं असतं. आता आई नाही, म्हणून मी सांगते. आवाज चढला तर चढू दे.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागं पडला होता, तेव्हाची गोष्ट. वडील सोलापूरच्या गिरणीत होते, ते लवकर गेले. आईनं चाळीतल्या खोलीच्या दाराशी चूल मांडली आणि कडक भाकरी करून विकायला लागली. कडक भाकरी म्हणजे ज्वारीचीच, पण पातळ थापलेली आणि दोनदा भाजलेली. आधी तव्यावर, नेहमीसारखी. मग जाळ कमी करून, फडक्यानं दाबत दाबत, बसल्या जागी कंबर मोडेपर्यंत शेकायची, पापडासारखी वाजेपर्यंत. अशी भाकरी महिनाभर टिकते. प्रवासाला निघालेली माणसं, परगावी शिकणारी पोरं, सगळे तिच्याकडून न्यायचे. मी तेव्हा नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण झाले होते. पगार घरात येत होता, तरी चूल बंद करायचं तिनं नाव काढलं नाही. "तुझ्या पगारावर बसून खाऊ व्हय? मला काय झालंय?" हे तिचं ठरलेलं.

झालं होतं, पण आम्हाला ठाऊक नव्हतं. तिला मशेरी लागायची. तंबाखू तव्यावर जाळून केलेली ती काळी पूड बायका दाताला लावतात. आई लावायची आणि मग उजव्या गालात तशीच धरून ठेवायची, भाकरी थापताना, गिऱ्हाइकाशी बोलताना, भांडताना. शेजारी विड्या वळणारी तेलुगू मावशी उरलेला तंबाखूचा चुरा पुडीत बांधून तिला आणून द्यायची, तेही प्रेमानं. त्याच गालात आतून गाठ आली. तिखट झोंबायला लागलं, मग रक्त यायला लागलं, मग मी तिला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं.

पहिल्या डॉक्टरांनी जबडा कापावा लागेल म्हणून सांगितलं. आई खुर्चीवरून उठलीच. "भाकर विकती मी," ती म्हणाली, "तोंड न्हाई तर भाकर कोण घेईल माझी?" आणि चपला घालून बाहेर. दुसरे डॉक्टर तरुण होते. त्यांनी गाल चाचपला, आत आरसा घालून बघितलं आणि म्हणाले की गाठ अजून लहान आहे, हाडाला चिकटलेली नाही, कापायलाच पाहिजे असं नाही. विजेच्या सुईनं ती आतून जाळता येईल. त्यानंतर जखम भरली की मिरजेला जाऊन लाईट घ्यायची, म्हणजे कॅन्सरवरचे किरण. दोन्ही मिळून उपाय आहे, नुसत्या एकानं नाही. आईच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना, तेव्हा त्यांनी समजावून सांगायचं म्हणून सांगितलं, "मावशी, असं समजा, डाग देतो तुम्हाला. विजेचा."

आईचा चेहरा एकदम उजळला. "मग आदीच सांगायचं की! डागाला कोण भितंय?" असं म्हणून तिनं तिथंच निऱ्या जरा खाली ओढल्या आणि बेंबीशेजारचा जुना व्रण डॉक्टरांना दाखवला. लहानपणी तिचं पोट फुगलं होतं, तेव्हा माहेरी, मंद्रूपला, तापल्या विळ्यानं डागलं होतं तिला. ती जगली. तिच्या लेखी त्या विळ्यानंच ती जगली. डॉक्टर हसले, मीही हसले. आपण किती सोपं करून सांगितलं, असं त्यांना वाटलं असणार. त्या एका शब्दानं पुढं आमचा जीव मेटाकुटीला आणला.

गाठ जाळली. भूल दिली होती, तरी दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडाला जळक्याचा वास येत होता. गाल सुजून डोळा मिटला होता. ती हूं का चूं करत नव्हती. हळूहळू सूज उतरली, आतली खपली निघाली, जखम भरत आली. आई आरशासमोर तोंड वासून उभी राहायची आणि बोटानं चाचपून बघायची. गाठ कुठंच नव्हती. चाळीत साखर वाटायची तेवढी बाकी होती. त्यात मंद्रूपहून तिचा थोरला भाऊ आला, आमचा मामा. बहिणीला बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "चल, चार दिस माहेरी चल, दूध-तूप खा," म्हणाला आणि घेऊन गेला. शाळेच्या परीक्षा चालू होत्या, मी जाऊ दिलं.

परीक्षा संपल्यावर मी डॉक्टरांना भेटले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मिरजेला कधी निघताय?" मी म्हणाले, आई माहेरी आहे, येईल आठवड्यात. ते म्हणाले, "हे बघा, जे दिसत होतं ते मी जाळलं. त्याच्या कडेला जे दिसत नाही ते राहिलेलं असणार. ते लाईटनंच मरेल. उशीर केला तर ते पुन्हा वाढेल, आणि मग मात्र जबडासुद्धा कापून उपयोग होणार नाही." मी घरी जाऊन पिशवी भरली आणि मिळाली ती एस.टी. पकडली.

मे महिना. मंद्रूपच्या रस्त्यावर पाय ठेवावा तर तळवे पोळत होते. मामा लिंबाखाली बाजेवर बसला होता, आई त्याच्याशेजारी वाकळ शिवत होती. मी पाणीसुद्धा न पिता सांगायला सुरुवात केली. मामानं शांतपणे ऐकून घेतलं. आई सुईत दोरा ओवत राहिली, माझ्याकडं बघेना, तेव्हाच मला कळलं की इथं आधीच काहीतरी ठरलेलं आहे.

"डाग एकदाच असतोय," मामा म्हणाला. "आगीला एकदा सांगितलं की पुन्हा सांगायचं न्हाई. दुसऱ्यांदा डाग दिला तर पहिल्याचा गुण जातोय. आन् रोग उलटतोय."

"मामा, तो डाग नाही. औषध आहे ते."

"डाक्टरनीच सांगितलंय न्हवं डाग म्हणून? आक्कीनं मला सगळं सांगितलंय." आईला तो लहानपणापासून आक्कीच म्हणायचा. "जखम भरली, गाठ गेली. आता अजून काय जाळायचं राहिलंय? का तिला जित्ती जाळायची हाय तुला?"

"कडेला जे दिसत नाही ते राहिलंय, असं डॉक्टर म्हणतात."

"दिसत न्हाई, तर हाय कशावरनं?"

वर्गात पोरांच्या शंभर प्रश्नांना उत्तरं देणारी मी, तिथं उभी राहून नुसती घामानं थबथबले. मग ओरडले. अडाणी म्हणाले, अंगारे-धुपारेवाले म्हणाले, तोंडाला येईल ते म्हणाले. मामा म्हणाला, "मास्तरीण झालीस म्हणून आमाला शिकवू लालीस व्हय?" तरी त्यानं आवाज चढवला नाही. आवाज चढवला आईनं. वाकळ बाजूला टाकून ती माझ्यावर धावलीच. "गुण आलाय मला! इतक्या दिसानी पोटभर जेवू लालेय मी. तू काय माझा गुण घालवायला आलीस हितं?"

ते मला फार लागलं. त्या घरात मी त्या दिवशी जेवले नाही. मामी, मामाची बायको, दोनदा ताट घेऊन माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि काही न बोलता परत गेली. मामी बोलायची नाहीच. त्या घरात बोलायचं काम मामाचं, ऐकायचं तिचं. उलट उत्तर दिलेलं मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

सकाळी मी एकटीच निघायला तयार झाले. वाटलं, जाऊ दे, मरू दे, मला काय करायचंय. असं वाटलं, आणि डोळे भरून आले, आणि भरून आले म्हणून आणखी राग आला. मामी परसात मशेरी लावत उभी होती. मला बघून तिनं तोंड धुतलं आणि माझ्याबरोबर द्यायला भाकरीची दुरडी बाहेर आणली. "कडक भाकरी हायत," म्हणाली. "वाटंत खायाला."

भाकरीचं नाव निघाल्यावर आई गप्प बसणं शक्यच नव्हतं. तिनं दुरडी स्वतःपुढं ओढली, वरचं फडकं काढलं, वरची भाकरी उचलून कानाशी धरून बोटानं वाजवली. वाजली. तरी तिच्या कपाळाला आठी. तिनं ती मधोमध मोडली. भाकरी फुगते तेव्हा तिचे दोन पापुद्रे होतात ना, त्या दोन पापुद्र्यांच्या मधे हिरवी बुरशी धरली होती. बाहेर डाग नाही, ठिपका नाही, आणि आत हे. दुसरी मोडली, तीही तशीच. तिसरी मोडली.

मग काय विचारता! आमची आई भाकरीवाली. जन्मभर तिनं हेच केलं. वहिनी थोरली आहे, आपण तिच्या दारात पाहुण्या आहोत, सगळं विसरली. "वैनी, ह्याला कडक भाकर म्हणता तुमी? दुसरा जाळ दिला का न्हाई हिला? तव्यावरनं काढली आन् टाकली दुरडीत!"

"वरनं तर कडक झालती की वन्सं," मामी पुटपुटली. "वाजत हुती."

"वरनं वाजती! आतली वल कुटं दिसती का? ती मंद जाळावर बसून काडावी लागती, कंबर मोडूस्तवर! न्हाईतर चार दिसात आतनं..."

आणि ती थांबली.

हातात मोडलेली भाकरी तशीच. तोंड उघडंच होतं, ते तिनं मिटलं. मग तिच्या उजव्या गालाखाली मला जीभ फिरताना दिसली. कडेनं, हळू, वरून खाली, पुन्हा वर. मी जागची हलले नाही. एक शब्द बोलले असते तर ती हट्टाला पेटून परत उलटली असती, एवढं मी तिला ओळखत होते. मी मनातल्या मनात नुसती म्हणत होते, फिरव आई, अजून फिरव.

"दादा," तिनं हाक मारली. मामा बाजेवरून उठून आला. तिनं भाकरीचा तुकडा त्याच्या हातात दिला. "काल काय म्हणालास? दिसत न्हाई तर हाय कशावरनं, व्हय? ही बघ. ही पण दिसत न्हवती."

मामानं तुकडा उलटासुलटा करून बघितला. "भाकर आन् माणूस एक हाय का आक्के?"

"न्हाई की. भाकर नासली तर म्हशीम्होरं टाकता येती." आई उठून उभी राहिली. "मी जाऊ लालेय मिरजेला."

मग मामा रागावला. खरं सांगायचं तर घाबरला होता तो. "दुसरा डाग घेतलास तर तू वाचत न्हाईस," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "पोटावर डागलं तवा मीच तुझे हात धरले हुते. माझ्या हातात वरडत हुतीस तू. इतकं सोसून आलेला गुण तू घालवणार. जायचं आसंल तर जा, मंग पुन्हा ह्या उंबऱ्याला यायचं न्हाई."

"मंग मिरजेला चल की," आई म्हणाली. "तितं पण हात धर."

मामा आला नाही. मान खाली घालून उभा राहिला. मामी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, पदराचं टोक तोंडात धरून. आईनं वाकळ होती तशी अर्धवट टाकली, पिशवी काखेला मारली आणि उन्हात माझ्यापुढं चालायला लागली. माझ्या हाती पिशवी देणार कुठली, उलट मलाच म्हणाली, "उचल की पाय."

मिरजेचं काय सांगू. आम्ही एका खोलीत राहिलो, तिथं आमच्यासारखीच गावोगावची माणसं होती. आईच्या गालावर जांभळ्या शाईनं रेघा मारल्या आणि त्यांना पाणी लावायचं नाही, तेल लावायचं नाही असं बजावलं. रोज तिला जाड दाराच्या खोलीत एकटीला टेबलावर निजवायचे, बाकी सगळे बाहेर. पहिल्या दिवशी बाहेर आली ती तणतणत, "काय लागलं न्हाई, काय न्हाई. नुसतं घूं घूं. ह्याला जाळ म्हणत्यात व्हय?" पुढच्या आठवड्यांत कळलं. गाल आतून सोलून निघाला. चव गेली. मीठ कळेना, साखर कळेना. पेज गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं आणि त्या पाण्याचा तिला राग यायचा. "तुझ्याच नरड्यात घाल ती पेज!" म्हणून तिनं एकदा वाटी माझ्या अंगावर लोटली. मी पुन्हा केली. तीही ढकलली. मी तिसऱ्यांदा केली तेव्हा म्हणाली, "कुणावर गेलीस गं तू इतकी हट्टी?" मग प्याली.

रांगेत बसलेली एक बाई एकदा सहज बोलून गेली, मागल्या जन्मीचं पाप असतं हो, भोगूनच संपवायचं. आईला तेव्हा नीट बोलतासुद्धा येत नव्हतं. तरी त्या सुजल्या तोंडानं तिनं सुनावलं, "पाप असंल माज्या मशेरीचं. मागल्या जन्माला मधी आणू नगा." रांग हसली. ती बाईही हसली शेवटी.

लाईट संपवूनच आम्ही परत आलो. गालाची कातडी काळवंडली ती कायमची. तोंड पुरतं उघडेना, दोन बोटं जेमतेम आत जात. कडक भाकरी चावणं सुटलं. स्वतः केलेली भाकरी ती आमटीत चुरून, मऊ करून खायची. मशेरीचा डबा मात्र तिनं आल्या दिवशीच उकिरड्यावर फेकला आणि विड्यावाल्या मावशीला सांगितलं, "आता चुरा न्हाई, नुसता चहा आण." चूल पेटली. काळा गाल घेऊन ती दारात बसली. कुणी बघितलं तर बघू दे. एका शेजारणीनं सुचवलं की पदर जरा पुढून घेत जा. आईनं पदर कानामागं खोचला आणि त्या दिवसापासून तो तिथंच राहिला.

मंद्रूपहून कुणी आलं नाही. दिवाळीला फराळ आला नाही, गेलाही नाही. आई बोलायची नाही, पण संध्याकाळी एस.टी. स्टँडकडून येणाऱ्या माणसांकडं बघत बसायची.

आणि थंडीच्या दिवसांत एका दुपारी मामी आली. एकटी. मामी जन्मात कधी एकटी एस.टी.त बसली नव्हती. दारात उभी राहिली ती पदर तोंडावर धरून. आईनं आधी तिच्या मागं बघितलं, भाऊ आलाय का म्हणून. कुणी नव्हतं.

"ह्यास्नी ठावं न्हाई मी आलेली," मामी म्हणाली. "वन्सं, जरा माज्या तोंडात बगा की."

आईनं पिठाचे हात धुतले. तिला उजेडात बसवलं, तोंड उघडायला लावलं, गाल बोटानं बाजूला केला. मीही वाकून बघितलं. आत पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध खडबडीत गाठ, पहिल्यांदा आईला होती तेवढीच.

"कवापासनं हाय हे?" आईनं विचारलं.

मामी म्हणाली, "तुमी भाकर मोडलीसा, तवा हुतंच की."

आईनं डोळे मिटले. त्या दिवशी परसात, दारात, आमच्या सगळ्या आरडाओरड्यात ही बाई गालात हे घेऊन उभी होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आईनंही नाही. आईनं चुलीतली लाकडं बाहेर ओढली, पाणी मारलं आणि चपला पायात घातल्या.

"वन्सं, डाग लई लागतो का हो?"

"लागतो," आई म्हणाली. "पयला लागतो. दुसरा त्येच्याहून लागतो. उठा वैनी, मी धरते हात."

मग मला म्हणाली, "पीठ तेवढं झाकून ठेव," आणि दोघी निघाल्या.